शिवणीतली माया

बाजाराचा दिवस होता. पाऊस अजून यायचा होता, पण ढग जमून आले होते. मी आमच्या बाजाराच्या गावी शिंप्याच्या दुकानात बसलो होतो. दुकान कसले, पत्र्याची एक खोली. एक पायमशीन, एक लांब फळी आणि भिंतीला खिळे. खिळ्यांना शिवून झालेले कपडे. शिंपीदादांना सारा गाव मास्तर म्हणतो. आपणही मास्तरच म्हणू.

तेवढ्यात एक बाई दारात आली. डोक्यावर बाजाराची पाटी होती.

मास्तर म्हणाले, "ये बाई. काय शिवायचंय?"

"शिवायचं काही नाही, मास्तर. नुसतं सांगायला आले."

"काय गं?"

"आमच्या पोराचा सदरा. मागच्या वर्षी तुम्ही शिवला होता बघा, शाळेचा. औंदा आखूड झाला. म्हटलं, आता नवा घ्यावा लागणार. पैसे कुठनं आणू? मग उलटा करून बघितला, तर आत दोन बोटं कापड दुमडलेलं! बाहीलाही तसंच. उसवलं आणि हातानंच टाके घातले. बरोब्बर बसला. या वर्षाची काळजी गेली माझी."

तिने पाटीतून दोन मुठी भुईमुगाच्या शेंगा काढल्या. फळीवर ठेवल्या. "येते," म्हणाली आणि बाजारात मिसळून गेली.

मास्तरांनी मशीन लगेच सुरू केले नाही. शेंगांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं माया ठेवत आलो. सांगायला आलेलं हे तिसरं माणूस."

माया हा शब्द आपण रोज वापरतो. आईची लेकरावर माया असते. पण शिंप्याच्या धंद्यात माया म्हणजे कापडच. शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. सदऱ्याच्या खालच्या पट्टीत, बाहीच्या टोकाला, कुशीच्या शिवणीत ते दुमडून ठेवतात. बाहेरून ते दिसत नाही. अंग भरले, पोर वाढले, की शिवण उसवायची आणि तेवढे कापड बाहेर सोडायचे. कपडा मोठा होतो.

आता हिशेब पाहा. सहा ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. म्हणजे दोन इंचांच्या आसपास. ही वाढ काही एका ठिकाणी होत नाही. थोडी पायांत, थोडी धडात. म्हणून सदऱ्याला खाली दोन इंच आणि बाहीला इंचभर माया असली, तर सदरा आणखी एक वर्ष सहज निघतो. दोन इंच कापडाची किंमत ती काय! पण ज्या घरात वर्षाला एकच सदरा होतो, त्या घरात दोन इंच म्हणजे एक सदरा.

हे करायला शिंप्याला काय पडते? पहिली गोष्ट म्हणजे डोके. आणलेल्या कापडातच ती माया काढावी लागते. कापड बेतताना खडूची रेघ इकडची तिकडे करून पाहावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. जाड दुमड नीट बसवावी लागते. नाहीतर खालची कड फुगते आणि सदरा बेढब दिसतो. याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. मागायलाही मास्तरांना लाज वाटते.

मायेसारखी आणखीही कामे आहेत. ती तुम्हांला माहीत असावीत म्हणून सांगतो.

कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. असे का होते? मागावर विणताना सूत ताणलेले असते. पाणी लागले की सूत ताण सोडते आणि कापड आखडते. गिरणीतच कापड आधी आटवून घ्यायची एक रीत अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट या माणसाने १९३० च्या सुमारास काढली. त्याच्या नावावरूनच सॅन्फोराइज्ड हा शब्द आला. जुन्या माणसांनी कापडाच्या कडेला हा छाप पाहिला असेल. पण सगळेच कापड तसे येत नाही. म्हणून आमचे मास्तर शंका आली की कापड रात्री बादलीत भिजत घालतात. सकाळी वाळवतात, इस्त्री करतात आणि मग कात्री लावतात. यात एक दिवस जातो. गिऱ्हाईक म्हणते, "काय मास्तर, वायदा चुकवलात." मास्तर गप्प बसतात. गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी केलेले काम असे गिऱ्हाइकाच्याच तोंडून बोल खाते.

बटणाचेही तसेच. बटण कापडाला अगदी चिकटवून शिवले तर काजात घालताना ओढ बसते आणि दोरा तुटतो. चांगला शिंपी बटण थोडे सैल शिवतो. मग त्याच्याखाली दोऱ्याचे वेढे देतो आणि बटणाला मान करतो. काज हाताने करायचे तर एकेका काजाला सवयीच्या माणसाची पाच-दहा मिनिटे जातात. सदऱ्याला सहा-सात काजे. म्हणजे तासाभराचे काम फक्त भोकांचे! चौकडीचे कापड असेल तर खिशाची चौकडी छातीच्या चौकडीशी जुळवावी लागते. खणाची चोळी असेल तर काठ बाहीच्या टोकावर यावा लागतो. गुळेदगुड्डचा खण एका चोळीपुरताच असतो. एकदा कात्री चुकली की दुसरा तुकडा नाही.

आता मुद्द्यावर येऊ. ही सारी कामे कपड्याच्या आतली आहेत. कपडा घालणाऱ्याला ती दिसत नाहीत. ती दिसतात तेव्हा बराच काळ गेलेला असतो. बटण तुटले नाही, हे दोन वर्षांनी कळते. आणि जे तुटले नाही, त्याची आठवण कोण काढणार? तुटले असते तर मात्र मास्तरांचे नाव लगेच निघाले असते.

ही गत एकट्या शिंप्याची नाही. लोहार विळ्याला पाणी देतो. पाणी जास्त झाले तर धार ठिसूळ होऊन उडते. कमी झाले तर वाकते. बरोबर झाले की नाही, ते सुगीत शेताच्या बांधावर कळते, भट्टीपाशी नाही. गवंडी नव्या भिंतीवर निदान सात दिवस पाणी मारायला सांगतो. एखादा गवंडी मजुरी संपली तरी संध्याकाळी येऊन स्वतः पाणी मारून जातो. त्या भिंतीला तडे जात नाहीत. पण न गेलेला तडा कुणी मोजत नाही.

आणि तुम्ही शेतकरी असाल, तर तुमचेही तेच. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वर चांगला माल आणि खाली बारका, अशी काहींची रीत असते. काही जण मात्र खालपासून वरपर्यंत एकसारखा माल भरतात. त्यांना रात्री बत्ती लावून निवड करावी लागते. भाव तर सर्वांना बहुतेक सारखाच मिळतो. मग एक दिवस व्यापारी म्हणतो, "यांचा माल उघडू नका. तसाच गाडीत चढवा." त्या दिवशी त्या माणसाला काय वाटते, ते ज्याला अनुभव आहे त्यालाच माहीत. पैशाने ते वाटत नाही. आपण अंधारात केलेले काम कुणीतरी पाहिले, असे वाटते.

मास्तरांना शेंगा पाहून तेच वाटले असणार. त्यांना मी विचारले, "एवढं काय आहे त्यात? बाई बोलली, गेली." ते म्हणाले, "असं बघा. पोरगा म्हणतो दुकान बंद करा. तयार कपडे स्वस्त मिळतात, तुमच्याकडं कोण येणार? मी पण म्हणायला लागलो होतो, की माया ठेवणं सोडून द्यावं. कोण बघतंय! आज कळलं, बघतात."

त्यांचा मुलगा तालुक्याला तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून एकदम कापतात. शिवणीला साधारण एक सेंटिमीटर कापड सोडतात. त्याहून जास्त सोडणे त्यांना परवडत नाही. हजार सदऱ्यांत प्रत्येकी दोन इंच लांबी वाढवली तर दोन हजार इंच होतात. म्हणजे पन्नास मीटरांहून जास्त कापड. ते कारखान्याच्या अंगावर पडते. मालक वाईट असतो असे नाही. पण ज्या पोरासाठी सदरा शिवायचा, ते पोर त्याला दिसत नाही. मास्तरांना दिसते. फळीशेजारी उभे असते, नाक पुसत. मास्तर त्याच्या मनगटाकडे बघून म्हणतात, "हा लांब होणार, बापावर गेलाय." आणि खडूची रेघ दोन इंच खाली ओढतात.

तरीही तयार कपडा स्वस्त आहे आणि गरिबाला स्वस्त लागतो. त्याला दोष देता येत नाही. मास्तरांचे दुकान किती दिवस चालेल, हे मी सांगू शकत नाही.

कौतुकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हा लेख गोड गोड होईल.

एक मोठे गिऱ्हाईक मास्तरांकडे येत असे. गाडीतून उतरताच चार लोकांत मोठ्याने म्हणायचे, "मास्तर, तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही!" मास्तरांना बरे वाटे. शिवलेले कपडे घेऊन गिऱ्हाईक जाई. शिलाई मात्र "पुढच्या वेळी". दोन दिवाळ्या गेल्या तरी पुढची वेळ आली नाही. मग हळूहळू नवी मागणी सुरू झाली. "जाता जाता एवढी पिशवी शिवून टाका. एवढ्या उशांना खोळी. तुम्हांला काय, हातचा मळ!" कौतुक केले म्हणून काम फुकट मागायचे, ही एक वेगळीच सावकारी आहे. मास्तरांना ते कळत होते, पण तोंडावर बोलवत नव्हते. शेवटी मास्तरीणबाईंनी वहीच पुढे धरली. त्या दिवसापासून गिऱ्हाईक आले नाही. शिलाईही आली नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे. आधी ठरलेली मजुरी, ती ठरल्या दिवशी. मग शब्द. शेंगा देणाऱ्या बाईने मागच्या वर्षी शिलाई रोख दिली होती. म्हणून तिच्या दोन मुठी शेंगांना वजन आले.

जुन्या काळी कसे होते, तेही थोडे पाहू. पुष्कळ लोकांना वाटते, पूर्वी गावात कारागिराला फार मान होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' नावाचे पुस्तक आहे. ते १९१५ साली निघाले. त्यात गावची सारी व्यवस्था लिहिलेली आहे. कारागिराला रोख मजुरी नसे. सुगीला खळ्यावर धान्य मिळे. त्याला बलुते म्हणत. बलुतेदारांच्या तीन ओळी असत. थोरली, मधली आणि धाकटी. ओळ जशी, तसा वाटा. म्हणजे वाटा ओळीवर ठरे. नांगर किती निगुतीने भरला, यावर ठरत नसे. एखादा शेतकरी हात सैल सोडून ओंजळभर जास्त घाली. पण ती त्याची मर्जी. काम जातीने बांधलेले होते. दुसरीकडे जायची सोय नव्हती. आणि गावाची सर्वांत जड कामे ज्यांच्या माथी होती, त्यांना कौतुक तर राहोच, पण उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकू देत नसत. ती व्यवस्था गेली, हे बरेच झाले. आज मास्तर "नाही" म्हणू शकतात. गिऱ्हाईकही दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. दुसरीकडे जाता येत असून जे गिऱ्हाईक परत येते, त्याचे येणे हेच मोठे कौतुक असते. मास्तरांच्या भाषेत, "परत आलं गिऱ्हाईक, म्हणजे पावती मिळाली."

आपल्याकडे तोंडावर आभार मानायची रीत कमी आहे. आपल्या माणसाचे आभार कसले मानायचे, असे आपल्याला वाटते. ते परके वाटते. म्हणून आपण दुसऱ्या वाटेने सांगतो. "तुमच्याच हातचं पाहिजे," म्हणतो. नणंदेला, जावेला त्याच दुकानात पाठवतो. सणाला ताटात काहीतरी घालून देतो. ही रीत चांगलीच आहे. पण कधीकधी माणसाला कळतच नाही की हे त्याच्या कामाबद्दल आहे. बाईने "बाहीला पण कापड होतं" असे नेमके सांगितले. त्यामुळे मास्तरांना कळले, की कोणते काम कामी आले. नुसते "छान शिवता हो" म्हणाली असती, तर ते ऐकून मास्तर विसरले असते.

आता माझीच एक चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी मास्तरांकडे एक जुना सदरा दिला होता. कोपराला भोक पडले होते. ठिगळ लावायचे होते. सदरा परत आला. मी ठिगळाचे पैसे दिले आणि सदरा घालू लागलो. सहा महिन्यांनी घरी धुणे वाळत घालताना आमच्या मंडळींनी विचारले, "तुमच्या सदऱ्याची कॉलर नवी कशी?" मी म्हटलं, नवी कुठली! पाहतो तर काय, मास्तरांनी कॉलर उलटवली होती. मानेवर घासून कॉलर विरते. मग ती उसवून काढतात, फिरवतात आणि विरलेली बाजू खाली करून पुन्हा शिवतात. हे बारीक काम आहे. मी सांगितले नव्हते. त्यांनी पैसेही घेतले नव्हते. आणि मी सहा महिने रोज आरशासमोर उभा राहूनही ते पाहिले नव्हते!

बरे, कळल्यावर तरी सांगावे? तेही केले नाही. आज सांगू, उद्या सांगू. मग वाटले, आता एवढ्या दिवसांनी काय सांगायचे? त्यांना विचित्र वाटेल. असे करत अडीच वर्षे गेली.

हे माझ्या एकट्याचे नाही. अमित कुमार आणि निकोलस एपली या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी याचा तपास केला. तो २०१८ साली छापून आला. त्यांनी काही लोकांना पत्रे लिहायला सांगितली. ज्याने आपल्यासाठी काही केले, त्याला ते सांगणारे पत्र. मग लिहिणाऱ्यांना विचारले, "पत्र वाचून समोरच्याला काय वाटेल?" पुष्कळांचा अंदाज असा, की थोडे बरे वाटेल, थोडे अवघडल्यासारखे होईल. नंतर पत्र मिळालेल्यांना विचारले. त्यांना अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला होता. आणि अवघडल्यासारखे फारसे झालेच नव्हते. लिहिणारे आपल्या अक्षराची, शब्दांची काळजी करत होते. वाचणाऱ्याचे लक्ष तिकडे नव्हते.

शेंगांचा प्रसंग पाहून मी घरी आलो आणि एक कार्ड लिहिले. समोरासमोर बोललो असतो तरी चालले असते. पण मला तोंडाने जमेना. आणि दुसरेही एक कारण होते.

मास्तरांना आकडे चांगले येतात. टेप वाचतात, मापे मांडतात. पण गेल्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरे येत नव्हती. मापाच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव लिहायचे तर ते चित्र काढत. पाटलांच्या मापावर पगडी. दूधवाल्याच्या मापावर किटली. मी मास्तरकी केलेली, म्हणून माझ्या मापावर छडी. गेल्या दिवाळीपासून ते रात्रीच्या वर्गाला बसतात. आता वहीत नावे येऊ लागली आहेत, चित्राच्या शेजारी.

कार्डात मी एवढेच लिहिले: 'मास्तर, तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या सदऱ्याची कॉलर उलटवली. मला ती उशिरा दिसली. सदरा अजून घालतो. कॉलर अजून धड आहे. त्या कामाचे पैसे राहिले आहेत, ते रविवारी आणतो.'

रविवारी दुकानात गेलो. कार्ड फळीवर होते, कात्रीखाली दाबून ठेवलेले. मास्तरांनी पैसे घेतले. आधी नको म्हणाले, पण घेतले. चहा मागवला. कार्ड कुणाकडून वाचून घेतले, असे मी विचारले नाही. त्यांनीच ते उचलले, डोळ्यांजवळ धरले आणि बोट एका शब्दावर ठेवले.

"हे 'कॉलर' आहे ना? मी रोज पाच-पन्नास कॉलरी शिवतो, पण लिहिलेली आज पहिल्यांदा बघितली. हा वरचा अर्धा चंद्र कशासाठी काढतात?"

मी सांगितले. त्यांनी खडू घेतला आणि फळीवर तो शब्द दोनदा लिहून पाहिला.